ताडपत्री नवी, दोरी जुनी

वळवाचे दिवस आलेत. पावसाआधी जो वारा सुटतो, तोच कांद्याच्या ढिगावरची ताडपत्री पहिली उडवतो. मग आपण म्हणतो, माल हलका निघाला. गेल्या मे महिन्यात माझा अर्धा ढीग भिजला. ताडपत्री कोरी करकरीत होती, दोऱ्या मात्र गोठ्यातल्या जुन्या! तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: ताडपत्री कापडानं नाही, बांधणीनं हरते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. नुसते दगड ठेवून भागत नाही. कड एकदा उचलली की दगड घरंगळतात. वाऱ्याकडची कड मातीत गाडा, बाकीच्या कडांवर मातीच्या गोण्या ठेवा. वरून आडव्या-उभ्या दोऱ्या ताणा. खुंटीचं डोकं ढिगापासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं. कडी तुटली असेल तर कोपऱ्यात गोटा गुंडाळून त्याच्या गळ्याला दोरी बांधा. खुंटी आणि दोरीच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, झटका तो खातो. ढिली ताडपत्री फडफडते आणि फडफडूनच फाटते.

पाऊस उघडला की ताडपत्रीही उघडा, नाहीतर आत घाम धरून कांदा सडतो.

आणि एक. विजा कडाडत असताना ताडपत्री धरायला कुणी धावू नका, पोरांना तर मुळीच पाठवू नका. कांदा पुढच्या साली पुन्हा लावता येतो. दोऱ्या आजच बघून घ्या.