कडकट्टाची परीक्षा

सरकारी परवान्याने घरी बिनतारी यंत्र चालविणाऱ्या हौशी मंडळींत एक वाद वर्षानुवर्षे धुमसत आहे : मोर्सच्या 'कडकट्ट' संकेतांची परीक्षा परवान्यासाठी सक्तीची असावी की नसावी? २००३ साली जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने हा प्रश्न ज्या त्या राष्ट्राच्या मर्जीवर सोपविला. भारतात मात्र त्यानंतरही वरच्या श्रेणीसाठी मिनिटास ८ शब्दांची परीक्षा राहिली होती.

जुनी मंडळी म्हणतात, 'आम्ही घोकले, तुम्हीही घोका.' सासूने सोसले म्हणून सुनेने सोसावे, अशातलाच हा प्रकार! नवी मंडळी म्हणतात, '२०१३ साली तारसेवाच बंद झाली. मग हे ओझे कशाला?' हेही अपुरेच. मोर्सच्या नादाची सारी शक्ती एका अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते; म्हणून बोललेला शब्द जेथे खरखरीत बुडतो, तेथेही लहानशा यंत्राचा तो नाद कानास उमगतो.

बीडकरांस याचा दाखला दूर शोधावयास नको. मोडी लिपी व्यवहारातून गेली. पुढे २०२३ साली बीडसह मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारे हुडकावे लागले.

म्हणून आमचे मत असे की, सक्ती जावी, विद्या राहावी. घरातील मुलांस या छंदाची गोडी असेल, तर वडीलधाऱ्यांनीही त्यांच्याजवळ बसून रोज दोन अक्षरे शिकावीत. धाकाने घोकलेले परवाना हाती येताच विसरते. आवडीने शिकलेले अडल्या वेळी उपयोगी पडते.