टाकलेलं उचलणारा चोर कसा?

नीटचा पेपर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होतो आणि सोमवारपासून आपल्या लातूरच्या ट्यूशन एरियात रूमा रिकाम्या व्हायला लागतात. नांदेड, बीड, परभणी, धाराशिवकडची लेकरं दोन-दोन वर्षं राहून गावाकडं निघतात. मागं काय राहतं ते बघायचं असेल तर सकाळी सहाला, घंटागाडी यायच्या आधी, त्या गल्ल्यांतून एक चक्कर मारा.

गाद्या, उशा, बादल्या, मग. स्टडी टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबल लॅम्प, एक्स्टेंशन बोर्ड. कुठं कुठं चालू कूलरसुद्धा. आणि पुस्तकांचे ढीग. एनसीईआरटीचं बायोलॉजी, पेन्सिलीनं ओळ न् ओळ अधोरेखित केलेलं. निम्मं सामान धुतलं-पुसलं की नव्यासारखं.

परवा अशाच एका ढिगाजवळ एक मावशी बादल्या निवडत होत्या. एका होस्टेलचा वॉचमन अंगावर धावून आला. "ए, चोरी करायलीस का? ठेव खाली!" मावशी म्हणाल्या, "टाकलेलंच उचलायले की बाबा. कुणाच्या घरात नाही शिरले." त्यानं बादली हिसकावली आणि परत ढिगावर फेकली. थोड्या वेळानं घंटागाडी आली. बादली कचऱ्यात गेली. ना मावशीला मिळाली, ना होस्टेलला.

मी तिथंच गाडीवर होतो आणि काहीच बोललो नाही. हे आधी कबूल करतो.

दुसरं एक कबूल करायचंय. माझी मुलगी ज्या टेबलावर अभ्यास करते ते टेबल मी गेल्या वर्षी याच भागातून उचललंय. रात्री साडेदहाला, ओळखीचं कुणी बघणार नाही अशा बेतानं. एक पाय हलत होता, दोन स्क्रू लावले, झालं. त्या रात्री मलाही एका वॉचमननं बघितलं होतं. गाडीवरचा प्रेसचा स्टिकर बघून तो म्हणाला, "न्या की साहेब, उद्या कचऱ्यातच जाणार हाय." टाकलेलंच मीही उचललं, मावशींनीही उचललं. मी साहेब आणि मावशी चोर. परवापासून हे डोक्यातून जात नाहीये.

आता पोरांना दोष देऊ नका. एसटीत गादी कोण घेऊन जाणार? वडील एका दिवसाची रजा टाकून आलेले असतात. डिपॉझिट परत पाहिजे तर संध्याकाळपर्यंत रूम मोकळी करून द्यावी लागते. ज्याचा पेपर अवघड गेला त्याला तर ती पुस्तकं डोळ्यांसमोरसुद्धा नको असतात. आमच्या वेळी मी पत्रकारितेचा डिप्लोमा करताना वरच्या वर्गातल्या दादानं जाताना वातीचा स्टोव्ह, बादली आणि गादी मला देऊन टाकली होती. कारण जाणारा आणि येणारा एकमेकांना ओळखत होते. आता जाणारा मेमध्ये जातो, येणारा जूनमध्ये येतो. गाठच पडत नाही. मेमध्ये जे फेकलं, तेच जूनमध्ये दुसरा बाप उसनंपासनं करून दुकानातून नवं घेतो.

आणि फेकलेल्याचं होतं काय? बऱ्याच गाद्या मोकळ्या प्लॉटवर पेटवल्या जातात. फोमचा तो काळा धूर शेजारच्या रूममधल्या लेकरांच्याच छातीत जातो. 2016 च्या घनकचरा नियमांत कचरा उघड्यावर टाकायला आणि जाळायला स्पष्ट मनाई केली होती. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असंही त्यातच लिहिलं होतं. मे 2023 मध्ये केंद्र सरकारनं शहरोशहरी 'आरआरआर' केंद्रं उघडायची मोहीम काढली. म्हणजे नको असलेली पुस्तकं, कपडे, वस्तू एका जागी आणून द्या, ज्याला पाहिजे तो नेईल. कल्पना चांगली. पण होस्टेलचं पोरगं गादी डोक्यावर घेऊन केंद्र शोधत फिरणार नाही. केंद्रानंच त्याच्या गल्लीत यायला पाहिजे, तेही वर्षातून फक्त एक आठवडा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नीटनंतरच्या आठवड्यात महापालिकेनं ट्यूशन एरियात एक मांडव टाकावा. होस्टेलवाल्यांनी चांगलं सामान ढिगावर न फेकता तिथं पोचवावं. सकाळी दोन तास कचरावेचक, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, बांधकामावरचे मजूर यांनी पाहिजे ते न्यावं, दिवसाढवळ्या, मान वर करून. पुस्तकं, टेबलं, लॅम्प जूनच्या लेकरांसाठी एखाद्या खोलीत ठेवावेत. क्लासवाल्यांकडं खोल्यांची कमी नाही.

होस्टेलमालक म्हणतील, अनोळखी माणसं आवारात शिरली तर चोऱ्या होतील. बरोबर आहे, म्हणूनच सामान बाहेर मांडवात पाहिजे. कुणी म्हणेल, गादीत ढेकूण असतात. असतात. तसली गादी देऊ नका. चांगली असेल तिला दोन दिवस ऊन दाखवा, मेमध्ये लातूरला उन्हाचा काय तोटा? कुणी म्हणेल, सिलॅबस बदलतो. 2024 च्या नीटला बदललाच होता. मग एखाद्या शिकवणाऱ्या सरांनी तासभर बसून जुनी पुस्तकं बाजूला काढावीत. एवढं अवघड नाही.

एप्रिलमध्ये मी हे लेखी निवेदन घेऊन महापालिकेत जाणार आहे. होस्टेलवाले, मेसवाले, क्लासमधली सर मंडळी, ज्यांना पटतंय त्यांनी खाली नाव लिहा, सोबत जाऊ.

आणि तोवर कुणी ढिगातून बादली उचलताना दिसलं तर एवढंच म्हणा, "न्या मावशी." मला परवा तेवढंही सुचलं नाही.