क्रूझवर जेवणाची वेळ घरच्यांनी मिळून ठरवा

क्रूझचं बुकिंग करताना केबिनला नुसती खिडकी पुरे की बाल्कनीच हवी, यावर घरात चार-चार दिवस चर्चा होते. त्याच फॉर्मवर जेवणाचा एक रकाना असतो: रात्रीचं जेवण रोज ठरलेल्या वेळी हवं की मोकळ्या वेळेत? तो बहुतेकदा एजंटच भरून टाकतो. नाहीतर रिकामा राहतो आणि कंपनीकडे जे शिल्लक असेल ते आपल्या वाट्याला येतं. या दोन पद्धतींच्या दरात सहसा फरक नसतो, म्हणून कुणी तिकडे लक्ष देत नाही. पण आजी-आजोबांपासून तीन वर्षांच्या नातवापर्यंत सगळे सोबत असतील, तर सहलीच्या सगळ्या संध्याकाळी कशा जाणार हे त्या रकान्यावर ठरतं. म्हणून आवाहन आहे की तो घरच्यांनी एकत्र बसून, पैसे भरण्याआधी भरावा.

आधी पद्धती समजून घेऊ. मोठ्या जहाजावर एक मुख्य डायनिंग हॉल असतो. तिथे बसून वाढून घेतलेलं जेवण तिकिटातच धरलेलं असतं. ठरलेल्या वेळेच्या पद्धतीत तिथे रोज दोन पंगती होतात. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. रोज तेच टेबल आणि तेच वेटर. मोकळ्या वेळेच्या पद्धतीत हॉलचा काही भाग संध्याकाळभर उघडा असतो. तुम्हाला हवं तेव्हा जायचं आणि मिळेल त्या टेबलावर बसायचं, किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर त्या दिवसापुरती वेळ राखून ठेवायची. रॉयल कॅरिबियन याला ‘माय टाइम डायनिंग’ म्हणते, कार्निव्हल ‘युअर टाइम डायनिंग’. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ सुरू करून ठरलेल्या पंगती काढूनच टाकल्या. डिस्नेच्या जहाजांवर वेळ पक्की असते, पण रेस्टॉरंट रोज बदलतं आणि तुमचे वेटरही तुमच्याबरोबर त्या नव्या जागी येतात. बुफे दोन्ही पद्धतींच्या प्रवाशांना खुला असतो. खास रेस्टॉरंटमध्ये मात्र दोघांनाही वेगळे पैसे मोजावे लागतात.

तीन पिढ्या एकत्र जाणार असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की ठरलेली वेळ घ्या. जहाजावर पाऊल ठेवल्यापासून घर पांगतं. मुलं किड्स क्लबमध्ये, तरुण मंडळी पोहण्याच्या तलावावर, कुणी खरेदीला, कुणी डेकवर खुर्ची टाकून. हजारो माणसांच्या जहाजावर एकमेकांना शोधण्यातच वेळ जातो, आणि समुद्रावर मोबाइल घरच्यासारखे चालतीलच असं नाही. अशा वेळी रोज ठरल्या वेळी, ठरल्या टेबलावर सगळे भेटणार हे माहीत असलं की ज्येष्ठांना दिवसभर कुणाची वाट पाहत बसावं लागत नाही. दहा माणसांना रात्री आठला एकत्र टेबल मिळणं मोकळ्या पद्धतीत अवघड असतं, कारण तीच सगळ्यांच्या गर्दीची वेळ. मग सहा जण इथे, चार जण तिथे अशी फाटाफूट होते, नाहीतर आजोबांना रांगेत उभं राहावं लागतं.

‘सुट्टीवर गेल्यावरही घड्याळ कशाला?’ असं घरातले तरुण विचारतील. त्यांना सांगा की पंगत घेतली म्हणून रोज तिथे गेलंच पाहिजे असं बंधन नाही. एखाद्या रात्री बुफेत जेवा, एखाद्या रात्री पिझ्झा खा. ठरलेलं टेबल एखाद्या दिवशी सोडता येतं, पण न ठरवलेलं मोठं टेबल ऐन वेळी उभं करता येत नाही. कंपन्यांनाही हे अनुभवातून कळलं आहे. रॉयल कॅरिबियनने २०१४ साली क्वांटम ऑफ द सीज हे जहाज आणलं, तेव्हा त्यावर एका मोठ्या हॉलऐवजी चार वेगवेगळी रेस्टॉरंट ठेवून ठरलेल्या पंगतीला फाटा दिला होता. पुढे ती योजना मागे घेऊन कंपनीने जुनी पद्धत पुन्हा सुरू केली. रोजचं टेबल आणि ओळखीचा वेटर हवा असणारे प्रवासी आजही भरपूर आहेत.

पण नुसता रकाना भरून भागत नाही. चार केबिनची चार बुकिंग असतील, तर जहाजाच्या यादीत ती चार वेगळी कुटुंबं असतात. चारही बुकिंग क्रमांक एकमेकांना जोडून घ्या, चारही केबिनची पंगत एकच ठेवा आणि ‘आम्हाला एकच टेबल हवं’ असं एजंटमार्फत लेखी कळवा. दोघंच जात असाल तर अनोळखी प्रवाशांबरोबर मोठ्या टेबलावर बसवलं जाऊ शकतं. ते नको असेल तर तेही आधीच सांगा. शाळेच्या सुट्ट्यांत सोयीची पंगत लवकर भरते आणि मग प्रतीक्षा यादीत नाव घालावं लागतं. त्यामुळे हे काम केबिन निवडतानाच उरका.

आता पहिली पंगत की दुसरी? इथे भारतातून जाणाऱ्यांनी स्वतःच्या पोटाचं घड्याळ पाहावं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथल्या जहाजावर साडेपाचची पंगत म्हणजे आपले दुपारचे तीन. उशिरा जेवलेल्या माणसाला तेव्हा भूक कुठून लागणार? तिथली आठची पंगत आपल्या साडेपाचला पडते. तीन-चार रात्रींच्या सहलीत शरीर नव्या वेळेला रुळायच्या आत परतायची वेळ येते, म्हणून सिंगापूरहून निघणार असाल तर दुसरी पंगत घ्या. युरोपात नेमकं उलट. उन्हाळ्यात बार्सिलोना किंवा रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. भूमध्य समुद्रातल्या जहाजांवर दुसरी पंगत नऊच्या आसपासही असते, म्हणजे आपल्या रात्रीचे साडेबारा. पहिल्या दोन-तीन रात्री नातवंडं सूप येण्याआधीच टेबलावर डोकं ठेवून झोपतील.

जहाजाचं घड्याळ कोणतं, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या. फुकेत सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. किनाऱ्यावर उतरलात की मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो, पण जहाज आपली वेळ बदलेलच असं नाही. पंगतही जहाजाच्या वेळेने बसते आणि जहाज सुटतंही त्याच वेळेने. म्हणून एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा.

तब्येत आणि पथ्य हे या निर्णयातले सगळ्यात मोठे मुद्दे आहेत. घरात कुणी इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल, तर जेवण कधी समोर येणार हे माहीत असणं गरजेचं असतं. मोकळ्या पद्धतीत रांग किती लांब असेल हे आधी कळत नाही. ठरलेल्या पंगतीत किमान बसायची वेळ पक्की असते. तरीही मुख्य हॉलमध्ये सूप, मुख्य पदार्थ आणि गोड असं क्रमाक्रमाने येतं आणि सगळं मिळून दीड तास सहज जातो. म्हणून औषध केव्हा घ्यायचं हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि ज्येष्ठांचा पदार्थ आधी आणायला वेटरला सांगा.

जैन जेवण, अंड्याशिवायचं जेवण, शेंगदाण्याची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असं काही असेल, तर ठरलेल्या टेबलाचा फायदा फार मोठा आहे. एकदा सांगितलं की तोच वेटर रोज लक्षात ठेवतो. बऱ्याच जहाजांवर अशा प्रवाशांना हेड वेटर उद्याचा मेन्यू आजच दाखवतो, म्हणजे स्वयंपाकघराला कांदा-लसणाशिवायची भाजी वेगळी करायला वेळ मिळतो. मोकळ्या पद्धतीत रोज नव्या माणसाला पहिल्यापासून समजवावं लागतं, आणि अ‍ॅलर्जीच्या बाबतीत ते धोक्याचं ठरू शकतं. अर्थात कंपनीला आधी कळवणं दोन्ही पद्धतींत आवश्यकच आहे. काही कंपन्या यासाठी दीड ते तीन महिने आधी सूचना मागतात. ज्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यांनी त्या तारखांना त्या समुद्रात सूर्य कधी मावळतो ते पाहूनच पंगत निवडावी. सिंगापूरजवळ तो वर्षभर सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे भूक असो वा नसो, तिथे पहिलीच पंगत घ्यावी लागेल.

लहान मुलांसाठी दीड तास खुर्चीत बसणं ही शिक्षा असते. त्यांना आधी बुफेत वरण-भातासारखं काही मिळालं तर भरवून आणा, किंवा त्यांचं ताट लगेच आणायला सांगा. जेवण झालेल्या मुलांना किड्स क्लबमध्ये सोडता येतं का, हेही विचारा. नाटकाच्या वेळाही पाहून ठेवा. मोठ्या जहाजांवर मुख्य खेळ सहसा संध्याकाळी दोनदा होतो. पहिल्या पंगतीवाल्यांना जेवणानंतर बघता येतो, दुसऱ्या पंगतीवाल्यांना जेवणाआधी. शाळकरी मुलं असतील तर आधी खेळ आणि मग जेवण हा क्रम त्यांना सोपा जातो.

मोकळी वेळ घ्यावी अशीही कुटुंबं आहेत. तुम्ही तिघं-चौघंच आहात, पथ्य कुणाला नाही, आणि सहलीत रोज नवं बंदर आहे, तर मोकळीच घ्या. पश्चिम भूमध्य समुद्रातल्या सहलीत हे विशेष जाणवतं. रोमला जायला जहाज चिवितावेक्किया बंदरात लागतं. तिथून रोम गाठायला रस्त्याने दीड तास धरावा, परतायला तेवढाच. दिवसभर चालून सहाला परत आलेल्या माणसाची साडेपाचची पंगत चुकलेली असते आणि नऊपर्यंत थांबायचं त्राण नसतं. त्याला सातला आंघोळ करून जेवता आलं पाहिजे. अशा सहलीत मोकळी वेळ खरी उपयोगाची. पण तीही आयती मिळत नाही. अ‍ॅपवर रोजची वेळ आधी राखून ठेवा. एखाद्या वेटरशी सूत जमलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच टेबलांवर जागा मागा. जमेल तेव्हा ते देतात.

मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर गोवा किंवा लक्षद्वीपला जाणार असाल, तर यातल्या निम्म्या चिंता उरत नाहीत. घड्याळ आपलंच, जेवण भारतीय. तरी त्या फेरीत जेवणाच्या वेळा कशा ठेवल्या आहेत आणि सगळ्यांना एकत्र बसता येईल का, हे एजंटला विचारायला विसरू नका.

काहीही ठरवलं तरी ते दगडावरची रेघ नसते. टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी आलं, चाकाच्या खुर्चीला वाट अपुरी पडली, पंगत चुकीची मिळाली, तर पहिल्याच दुपारी डायनिंग हॉलशी जाऊन हेड वेटरला भेटा. त्या दिवशी अदलाबदल होऊ शकते. तिसऱ्या दिवशी तक्रार करून काही हाती लागत नाही.

आणि वाढणाऱ्या माणसांची आठवण ठेवा. जगभरच्या क्रूझ जहाजांवर गोव्याची आणि मुंबईची कितीतरी मुलं-मुली काम करतात. महिनोन्‌महिने घरापासून दूर असतात आणि करार संपेपर्यंत त्यांना आपल्यासारखा रविवार नसतो. एखाद्या रात्री पंगतीला येणार नसाल तर आदल्या दिवशी त्यांना सांगा, म्हणजे ते तुमची वाट पाहत टेबल अडवून ठेवणार नाहीत. उशिरा जाऊन पुढच्यांचा खोळंबा करू नका आणि चाखायला म्हणून चार-चार पदार्थ मागवून टाकून देऊ नका. मोठ्या अमेरिकी कंपन्या सेवेचे म्हणून माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर बिलात लावतात, बहुतेकदा मुलांचेही. दहा जणांचे चार रात्रींचे ते ६४० ते ८०० डॉलर होतात. ही रक्कम दोन्ही पद्धतींत बिलात येते. तेव्हा ती खर्चात आधीच धरा, म्हणजे शेवटच्या दिवशी बिल पाहून वाद होणार नाहीत.

हे सगळं करायला फार वेळ लागत नाही. एका संध्याकाळी सगळ्यांना बसवा आणि विचारा: औषधं कुणाची आणि कधी, पथ्य कुणाचं, लहानगे किती वाजता झोपतात, बंदरावरून रोज किती वाजता परतणार? ज्याला सगळ्यात कमी तडजोड करता येते, त्याच्या सोयीने वेळ ठरवा. धडधाकट माणसं कुठेही, केव्हाही जेवू शकतात. पंचाहत्तरीच्या आजींना आणि तीन वर्षांच्या नातवाला ते जमत नाही. मग एजंटला फोन करा, ठरलेली पंगत, जोडलेली बुकिंग आणि पथ्याची सूचना या तिन्ही गोष्टी लेखी मागा, आणि त्या हातात आल्यावरच पैसे भरा.