आधी पाणी, मग शोभा
इंदूरचा लालबाग राजवाडा पाहावयास जाणारा खान नदीकडे सहसा पाहत नाही. काठावरील या होळकरी वास्तूचे बांधकाम १८८६ ते १९२१ चालले. नदीच्या वाट्याला मात्र शहराचे सांडपाणी आले. ते अडविण्याच्या कामामुळे इंदूर २०२१ साली देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. काम संपलेले नाही, पण क्रम योग्य आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर विहारस्थळे उभारू पाहणाऱ्यांनी तो ध्यानी घ्यावा. १८७५ च्या ससून गोदीत आजही पहाटे मासळीचा लिलाव होतो. पर्यटकांसाठी धक्का सजविताना कोळी बांधवांचाच पाय तेथून निघाला, तर त्यास बंदराचे पुनरुज्जीवन कसे म्हणावे? धक्का शोभेने नव्हे, राबत्याने जिवंत राहतो.