घरबसल्या लिखाणाचं काम आणि बुडणारे पैसे

इनबॉक्समध्ये हल्ली एकच प्रश्न येतो. "सर, घरबसल्या लिखाणाचं काम कुठे मिळेल?" विचारणाऱ्यांत मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुली जास्त. पुण्यात रूम परवडत नाही आणि इथे नोकरी नाही. एकेकीला उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो.

काम आहे. सबटायटल, ॲपवरच्या सूचना, जाहिरातींचा मजकूर, शाळेच्या गाइडांचं प्रूफ, पुस्तकांचं भाषांतर. मीही बातम्या टाकून झाल्या की रात्री हेच करतो. तालुका बातमीदाराच्या मानधनात मान असतो, धनाचं तुम्हाला माहीत आहेच.

पहिली गोष्ट, "नोंदणी फी भरा, पानं टाइप करा, हजारो कमवा" असा मेसेज आला की डिलीट. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. ही मंडळी आठवडाभर राबवून घेतात, मग "चुका निघाल्या, करार मोडला" म्हणून व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस पाठवतात. पोरी घाबरून पैसे भरतात, घरी सांगत नाहीत. भरू नका. १९३० वर फोन करा.

पण माझा खरा राग दुसरीकडे आहे. चांगल्या, नावाजलेल्या एजन्सीसुद्धा आता म्हणतात, भाषांतर मशीनने केलंय, तुम्ही "फक्त नजर फिरवा". दर एकदम खाली. मशीनने 'यू आर वेलकम'चं 'तुमचं स्वागत आहे' केलेलं असतं, वाक्यं हिंदीच्या वळणाची असतात, आणि नजर फिरवता फिरवता अख्खं पान नव्याने लिहावं लागतं. म्हणून शब्दावर नाही, तासावर दर मागा. नमुना म्हणून फुकट काम मागितलं तर एखादा परिच्छेद ठीक आहे, अख्खं प्रकरण नाही.

आणि वसुली. "अकाउंट्सला पाठवलंय" हे वाक्य मी चार-चार महिने ऐकलंय. आपल्याकडे लिहिणाऱ्याला पैसे मागायची लाज वाटते. भाजीवाल्याला वाटते का?

उद्यम नोंदणी करा. आधार आणि पॅन लागतं, सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे, एजंटला एक रुपया देऊ नका. काम घेण्याआधीच करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म, लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करता येते. बिलावर उद्यम क्रमांक टाकला की पुष्कळदा तक्रारीपर्यंत जावंच लागत नाही, कारण वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच आयकरात दाखवता येतो. हे त्यांच्या सीएला बरोबर ठाऊक असतं.

दर, शब्दसंख्या, तारीख, दुरुस्त्या किती वेळा, हे सगळं ईमेलवर घ्या. फोनवरचं "बघू, करून टाकू" नको.

फॉर्म भरताना अडलं तर रविवारी अकरानंतर ऑफिसला या. आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा, ओटीपी त्यावरच येतो. चहा माझ्याकडून.