समभागातला ‘सम’

‘भाव’ या एका शब्दात मराठीने बाजार आणि मन यांना एकत्र नांदवले आहे. कांद्याला भाव असतो तसा भक्तालाही असतो. या शब्दाच्या एका अर्थाने दुसऱ्याला गिळून टाकले की काय घडते, हे पाहायचे असेल तर जेट एअरवेजच्या शेअरचा इतिहास वाचावा. तो अर्थशास्त्राच्या विभागाने वाचावा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्या साहित्याच्या अध्यापकांशी आमचे भांडण आहे. हा लेख त्या भांडणासाठीच लिहिला आहे.

आधी वस्तुस्थिती. नरेश गोयल यांच्या या कंपनीची विमाने १९९३ साली उडू लागली. २००५ मध्ये तिने लोकांना ११०० रुपये दराने शेअर विकले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेले विमान हे तिचे अखेरचे उड्डाण ठरले. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे एक-तृतीयांशाने कोसळला आणि १६४ रुपयांच्या आसपास थांबला. येथून पुढे छोट्या गुंतवणूकदारांत जो वाद पेटला, तो आमच्या मते अलीकडच्या काळातील सामूहिक अपवाचनाचा उत्तम नमुना आहे.

एक पक्ष म्हणत होता, हा शेअर मातीमोल भावात मिळतो आहे. नाव मोठे आहे, विमानतळांवरील वेळा मोक्याच्या आहेत, प्रवाशांचा लोभ आहे; कोणीतरी धनवंत येईल आणि विमाने पुन्हा उडतील. दुसरा पक्ष म्हणत होता, कर्ज फार आहे, इंधन महाग आहे, स्पर्धा जीवघेणी आहे. विमाने उडणार नाहीत, म्हणून शेअर महाग आहे. दोन्ही पक्ष हिरिरीने बोलत होते आणि दोघेही एकाच प्रश्नावर बोलत होते: कंपनी जगेल काय? विकायला ठेवलेली वस्तू मात्र कंपनी नव्हती. ती होती कंपनीचा शेअर. कंपनी जगूनही शेअर मरू शकतो, हे वाक्य या वादात जवळजवळ कोणी उच्चारले नाही.

याचे थोडे खापर आम्ही ‘समभाग’ या आपल्या शब्दावर फोडतो. शब्द सुबक आहे; त्याचा कान मात्र फसवा आहे. ‘सम’ ऐकले की सर्वांना सारखा वाटा असे मनात येते. वास्तविक हा ‘सम’ एका समभागाचे दुसऱ्या समभागाशी असलेले नाते सांगतो. धनकोशी असलेले नाते तो सांगत नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ वाचावे. कंपनी मोडीत निघाली की आधी त्या प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी व तारण घेऊन कर्ज देणारे, मग इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार, उरलेली देणी, अग्रहक्क भागधारक; आणि सर्वांत शेवटी, काही उरलेच तर, समभागधारक. समभाग म्हणजे पंगतीतले शेवटचे पान. आधीच्यांची जेवणे आटोपल्यावर भांड्यात काय उरेल, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न.

आता हिशेब मांडू. जेटचे समभाग सुमारे ११.३६ कोटी होते. १६४ रुपयांप्रमाणे त्यांची किंमत साडेअठराशे कोटींच्या वर जाते. म्हणजे एकही विमान उडत नसलेली, एकट्या बँकांचेच आठ हजार कोटींहून अधिक देणे असलेली ही कंपनी सर्वांचे देणे फेडून मालकांसाठी साडेअठराशे कोटी शिल्लक ठेवील, असे तो भाव सांगत होता. शेअर महाग होता काय? या गुणाकाराला इयत्ता सातवीचे गणित पुरेसे आहे.

खुणाही नव्हत्या असे नाही. फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना ११.४ कोटी नवे समभाग एकूण एका रुपयात देण्याची योजना कंपनीच्या संचालक मंडळाने आणि नंतर भागधारकांनी मान्य केली होती. निम्मी कंपनी एका रुपयाला द्यावी असे कागद म्हणत होता. बाजार त्याच आठवड्यात एकेका समभागाला दोनशेहून अधिक रुपये मोजत होता. २० जून २०१९ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. त्या दिवशी शेअर जवळजवळ दुप्पट झाला! २०२१ च्या जूनमध्ये डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीला नवा मालक मिळाला आणि जुन्या समभागांचे मूल्य शून्य ठरले. कंपनी वाचली, समभाग मेला. त्याच महिन्यात त्याच न्यायाधिकरणाने जालान-कालरॉक यांची जेटविषयीची योजना मंजूर केली. शेजारच्या पानावरचा हा धडा जेटच्या भागधारकांनी वाचला असता तर! पुढे ती योजना रखडली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. त्या दिवशीही शेअरला चौतीस रुपयांच्या आसपास भाव होता.

यावर सोवळ्यातले उत्तर तयार असते: लोभाची शिक्षा. हे उत्तर आम्हांला मान्य नाही. लोभ तर शेअर घेणाऱ्या प्रत्येकालाच असतो; त्याने नफा आणि तोटा यांतला भेद उलगडत नाही. काहींनी तेहतीसला घेऊन चौसष्टला विकले हे खरे; पण त्यांनी कंपनी वाचली नव्हती, पुढच्या गिऱ्हाइकाची आशा वाचली होती. आणि तो गिऱ्हाईक बहुधा निवृत्तीची पुंजी घेऊन आलेला कोणी असतो, किंवा पहिल्या पगारातून बचत करणारा आपलाच माजी विद्यार्थी असतो.

ज्याने पैसे घालवले त्याने गोष्ट वाचली. गोष्टीत नायक संकटात सापडतो आणि परत येतो. परतलेल्या नायकाच्या घरात आपल्याला जागा आहे काय, हे वाचकाने विचारले नाही. कारण आम्ही साहित्याचे लोक वाचकाला नायकाशी तादात्म्य पावायला शिकवतो. निवेदक कोण, तो कोणाच्या वतीने बोलतो, काय वगळतो, हे प्रश्न पदव्युत्तर वर्गात कादंबरीला विचारले जातात. तेच प्रश्न कंपनीच्या निवेदनाला, वार्षिक अहवालातील बारीक टिपांना विचारायला काय हरकत आहे? ते गद्यच आहे. ते मराठीत क्वचित असते आणि असले तर दुर्बोध असते, ही तर आपल्या विभागांच्या कामाची सुरुवात ठरावी.

अशा मजकुराने अभ्यासक्रम विटाळेल, ही भीती आम्हांला पोकळ वाटते. ज्या भाषेत माणसे आपली आयुष्यभराची बचत ठेवतात आणि गमावतात, ती भाषा अभ्यासाच्या बाहेर ठेवणारा विभाग आपलाही भाव घालवून बसतो. ‘समभाग’ हा शब्द पुढच्या वर्षी भाषेच्या तासाला फळ्यावर लिहावा, शेजारी कलम ५३ मधली उतरंड लिहावी, आणि त्यातला ‘सम’ कोणाशी सम आहे, एवढे विद्यार्थ्यांना विचारावे.