कच्च्या कैद्यांचा लेखक

तळोजा मध्यवर्ती कारागृह पनवेलजवळच्या नावड्यापासून फार लांब नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये 83 वर्षांच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंना तिथे आणले गेले आणि मे 2021 च्या अखेरीपर्यंत ते तिथेच होते. फादर स्टॅन स्वामी त्यांचे नाव. ते कसे गेले, यावर पुष्कळ लिहून झाले. त्यांनी स्वतः काय लिहिले होते, हे मात्र आपल्याकडे फार थोडे वाचले जाते. या भागात राहणाऱ्यांनी तरी ते वाचायलाच हवे.

तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यात 1937 मध्ये जन्म, विशीत जेझुइट संघात प्रवेश, पुढे बेंगळुरूच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालकपद. येशू गरिबाच्या बाजूने उभा होता, तेव्हा त्याच्या अनुयायाची जागाही तीच, असे मानणारी समाजवादी वळणाची एक परंपरा ख्रिस्ती जगात आहे. फादर स्टॅन त्या वाटेने झारखंडच्या आदिवासींकडे गेले आणि तिथलेच झाले. रांचीजवळ नामकुमला त्यांनी ‘बगईचा’ हे केंद्र उभे केले. त्यांचे लेखन साधे आणि थेट. राज्यघटनेची पाचवी अनुसूची, आदिवासी भागांतील ग्रामसभांचा ‘पेसा’ कायदा, 2006 चा वनाधिकार कायदा, सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा समता निकाल: हे सगळे संरक्षण कागदावर असताना जमीन आदिवासीच्या हातून जाते कशी, एवढाच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

हा प्रश्न नावड्याला परका नाही. इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने घेतल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्यांना झारखंडची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

फादर स्टॅन यांचे सर्वांत महत्त्वाचे काम कच्च्या कैद्यांवरचे, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्यांवरचे. नक्षलवादी ठरवून आत टाकलेल्या 102 जणांशी बोलून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये अहवाल काढला. जवळजवळ सगळ्यांच्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होते आणि आपला नक्षलवाद्यांशी संबंध नाही, असेच बहुतेक जण सांगत होते. खटले वेळेत चालावेत म्हणून ते उच्च न्यायालयातही गेले. आणि 8 ऑक्टोबर 2020 रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली ते स्वतःच कच्चे कैदी झाले.

कंपवातामुळे त्यांच्या हातात पेला धरवत नसे. नळीचा पेला मिळावा, म्हणून 6 नोव्हेंबरला न्यायालयात अर्ज झाला. उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस घेतले आणि मग सांगितले की, असा पेला आमच्याकडे नाहीच. पाणी पिण्याच्या साधनासाठी एका म्हाताऱ्या माणसाला न्यायालयाकडून तारीख घ्यावी लागली, ही गोष्ट कोणत्याही बाजूच्या माणसाला लाज वाटावी अशी आहे. तुरुंगातून त्यांनी पत्रे लिहिली ती मात्र सोबत्यांविषयी: कोण आंघोळीला हात देतो, कोण घास भरवतो. आपल्यावर आरोप काय आहेत हेच ठाऊक नसलेले, आरोपपत्र कधी न पाहिलेले गरीब कैदी इथे वर्षानुवर्षे पडून आहेत, हेही त्यांनी तळोज्यातूनच कळवले.

मार्च 2021 मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. 21 मे रोजी ते दूरदृश्य प्रणालीद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आले आणि म्हणाले, आलो तेव्हा चालत होतो, हाताने जेवत होतो, थोडे लिहीतही होतो. एकेक करून सारे गेले. 28 मे रोजी न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्याचा आदेश दिला. तिथे कोविड असल्याचे निघाले. 5 जुलैला जामिनाची सुनावणी होती. त्याच दिवशी ते वारले. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप त्यांनी अखेरपर्यंत नाकारला होता. तो कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाला नाही, कारण खटला उभाच राहिला नाही. आमच्या मते कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष आहेत आणि त्यांच्याविषयी बोलताना तसेच बोलले पाहिजे.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते; त्यांतले 4,34,302 कच्चे. फादर स्टॅन यांचे लेखन मागच्या काळात गेलेले नाही, ते या आकड्यात रोज चालू आहे. त्यांच्या मृत्यूनंतर ‘आय ॲम नॉट अ सायलेंट स्पेक्टेटर’ हे त्यांचे पुस्तक निघाले. नावडे, तळोजा, खारघरच्या वाचनालयांनी ते मागवावे. आणि पनवेलच्या वकील मंडळींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला सोबत घेऊन महिन्यातली एक दुपार या कारागृहासाठी राखून ठेवावी. ज्याच्याकडे कोणी भेटीला येत नाही, अशा कैद्याला विचारावे: आरोपपत्राची प्रत मिळाली का, आणि जामीन होऊनही हमीदार नाही म्हणून अडकला आहेस का?